टाकीतले पाणी निवळताना

आमच्या शाळेच्या विज्ञानकक्षात दक्षिणेकडच्या खिडकीजवळ माशांची एक काचेची टाकी आहे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या कुटुंबाने ती भेट दिली आणि जुलै २०२४ मध्ये ती मांडण्यात आली. तळाशी बारीक खडी, खडीत रुजवलेल्या पाणवनस्पती आणि सुरुवातीला सोडलेले चोवीस लहान मासे, असा तिचा संसार. इंदूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावात मुलांना पाण्याखालचे जग रोज डोळ्यांनी पाहता यावे, एवढाच देणाऱ्यांचा हेतू होता.

या लेखात 'आम्ही' म्हणजे टाकीची देखभाल करणारी मंडळी : विज्ञान शिकवणारे दोन शिक्षक, आठवी-नववीचे अकरा विद्यार्थी आणि विज्ञानकक्षाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते आमचे शिपाईकाका. गेल्या नऊ महिन्यांत या टाकीत शेवाळ कसे आले, कोणकोणत्या रूपांत आले आणि त्याचा बंदोबस्त कसा झाला, हे पालकांना आणि विश्वस्त मंडळींना कळावे म्हणून हा लेख. घरी टाकी असणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तो उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

प्रथम शब्दांबद्दल. आमच्या मुलांच्या घरात आजी 'शेवाळ' म्हणते, गल्लीतले मित्र 'काई' म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात 'शैवाल' असते. तिन्ही एकच. हिरव्या रंगाची, मूळ-खोड-पान असे वेगळे अवयव नसलेली, पण सूर्यप्रकाशात आपले अन्न आपण तयार करणारी ही सजीव सृष्टी आहे. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास निम्मा समुद्रातल्या सूक्ष्म शैवाल-जीवांकडून येतो. तेव्हा शेवाळ म्हणजे केवळ घाण, ही समजूत आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. प्रश्न इतकाच होता की, ज्या टाकीत झाडे वाढावीत आणि मासे दिसावेत, तिथे शेवाळानेच सगळी जागा बळकावली तर काय करायचे?

पहिले शेवाळ आले ते ऑगस्टमध्ये. काचेवर आणि पानांवर तपकिरी थर बसला. चहाच्या कपाच्या तळाशी बसतो तसा. बोटाने पुसला की लगेच निघत असे. हे डायाटम. यांच्या पेशींना सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याचे, कवच असते. नव्या टाकीत ते बहुधा येतातच आणि टाकी जुनी होत गेली की आपोआप कमी होतात. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जीवाणू अजून रुजलेले नसतात. एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडावेत आणि खाणे बेताचे द्यावे. आम्ही चोवीस मासे तीन हप्त्यांत सोडले ते यासाठीच. गणपती बसेपर्यंत तपकिरी थर निघून गेला. आम्ही फक्त स्पंजाने काच पुसत होतो.

दुसरे शेवाळ दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसले. काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे घट्ट हिरवे ठिपके आणि खडीवर रेशमासारखे हिरवे धागे. या धाग्यांनी मात्र आम्हाला एक मोठा आनंद दिला. नववीच्या मुलींनी एक धागा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पेशीत हिरव्या फितीचे वेटोळे! पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला स्पायरोगायरा, त्याचे ते सर्पिल हरितलवक, आमच्याच टाकीतून निघाले होते. त्या दिवशी पाचवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग रांगेने येऊन पाहून गेले. चित्र पाठ करणे आणि वस्तू पाहणे यांत काय फरक आहे, ते आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको.

पण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाणीच हिरवे होऊ लागले. धागे नव्हेत, ठिपके नव्हेत. पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शैवालाने सारे पाणी मुगाच्या कढणासारखे झाले. पुढच्या काचेशी आलेला मासा तेवढा दिसे, मागचा दिसेना. नाताळपर्यंत खडीही दिसेनाशी झाली.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी, १८ जानेवारी २०२५ रोजी पालकसभा झाली. फेब्रुवारीत स्नेहसंमेलन, पाहुणे शाळा पाहायला येणार, आणि विज्ञानकक्षात हे हिरवे पाणी! सभेत तीन मते निघाली. काहींचे म्हणणे, टाकी रिकामी करून ठेवून द्यावी, मासे कोणालातरी देऊन टाकावेत. काहींचे म्हणणे, बाजारात शेवाळाचे औषध मिळते ते टाकावे, दोन दिवसांत पाणी स्वच्छ. एका आजोबांनी मोरचूद सुचवले. एका आजींनी तुरटी फिरवायला सांगितले आणि त्यांच्या माहेरी विहिरीच्या पाण्याला निवळीचे बी उगाळून लावत, तीही आठवण सांगितली. तिसरे मत मुलांचे होते : कारण सापडेपर्यंत थांबा. विश्वस्तांपैकी एकांनी अगदी रास्त प्रश्न केला, "आज शेवाळ जाईल. पुन्हा येणार नाही याची खात्री काय?" शेवटी स्नेहसंमेलनापर्यंतची मुदत मिळाली. तोवर पाणी निवळले नाही तर टाकी रिकामी करायची, असे ठरले.

औषध का नको होते, ते आधी सांगतो. मोरचूद म्हणजे तांब्याचे क्षार. शेतकरी बुरशीवर वापरतात ते बोर्डो मिश्रण त्याचेच. तांब्याने शेवाळ मरते हे खरे, पण तेच तांबे गोगलगायींना आणि कोळंबीला मारक असते आणि मात्रा जराशी वाढली तर माशांनाही. शिवाय एवढे शेवाळ एकदम मेले की ते पाण्यातच कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. तुरटीने पाणी निवळते, आजींचे म्हणणे चुकीचे नाही. पण तुरटी पाण्याची आम्लता वाढवते, आणि पिण्याच्या पाण्यात मासे राहत नसतात. मुख्य म्हणजे, औषधाने शेवाळ जाते, शेवाळाचे कारण जात नाही. विश्वस्तांच्या प्रश्नाला औषधाच्या बाटलीत उत्तर नव्हते.

मग कारण काय? शेवाळाला तीन गोष्टी लागतात : प्रकाश, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन-फॉस्फरससारखी पोषकद्रव्ये. याच तीन गोष्टी झाडांनाही लागतात. झाडे जोमात असली तर ती हा शिधा आधी उचलतात. झाडे अडली तर उरलेला शिधा शेवाळाच्या वाट्याला जातो. झाडे कशाने अडतात? जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडलेला आणि पुढे लीबिग यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला एक नियम शेतीशास्त्रात शिकवतात : पिकाची वाढ सर्वांत तोकड्या पडणाऱ्या घटकावर ठरते. पोळ्यांना कणीक भरपूर आहे पण गॅस संपला, तर कणकेचा ढीग काय कामाचा? आमच्या टाकीत कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर नाही. वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतात, त्यामुळे पाण्यातल्या झाडांना हा वायू नेहमीच अपुरा पडतो. अशा टाकीत प्रकाश वाढवला तर झाडे तेवढ्या वेगाने वाढू शकत नाहीत आणि वरकड प्रकाश शेवाळ वापरते.

म्हणून आम्ही प्रकाशाचा हिशेब मांडायला बसलो. टाकीवरचा दिवा तर जुलैपासून तोच होता. दोन पाळ्यांची शाळा असल्याने सकाळी सातला लागे आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होई. तरीही ऑक्टोबरपर्यंत पाणी स्वच्छ होते. मग दिवाळीनंतर नवे काय झाले? आठवीतल्या एका विद्यार्थ्याने नोंदवही चाळून सांगितले, "सर, खडूच्या रेघा बघा ना!"

या रेघा भूगोलाच्या तासाच्या. सूर्याचे दक्षिणायन-उत्तरायण समजावे म्हणून दर शनिवारी दुपारी बारा वाजता खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा कवडसा जमिनीवर कुठवर पोचतो, तिथे मुले खडूने रेघ ओढत. आपले इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. २१ जूनच्या सुमारास दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंशांवर असतो आणि ऊन खोलीत लांबवर शिरते. आमच्या खिडकीची वरची चौकट जमिनीपासून सात फुटांवर आहे, टाकी खिडकीपासून तीन फुटांवर आणि तिचा तळ अडीच फुटांवर. मुलांनी कागदावर त्रिकोण काढले. हिशेब असा निघाला की साधारण दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत दुपारचे ऊन थेट टाकीवर पडते. डिसेंबरात तर अख्ख्या टाकीवर. इतर आठ महिने पडत नाही. शेवाळाच्या तारखा आणि उन्हाच्या तारखा एकमेकींना चिकटून होत्या.

विद्यार्थी मित्रहो, या एका शोधात जीवशास्त्र, भूगोल आणि त्रिकोणमिती तिन्ही होते. हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात ती वेळापत्रकाची सोय आहे. निसर्गात तसे तास नसतात.

कारण कळल्यावर उपाय सोपा होता, पण टाकी हलवणे शक्य नव्हते. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. टाकी काठोकाठ भरलेली नसते आणि तळाशी खडी असते हे धरूनही आमच्या टाकीत १३० लिटर पाणी आहे. पाणी, खडी आणि काच मिळून वजन पावणेदोनशे किलोच्या पुढे. अशी टाकी भरलेली असताना सरकवली तर सांधे उकलतात. म्हणून खिडकीला जाड खाकी पडदा लावला आणि टाकीच्या मागच्या व खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवला. दिव्याला टायमर बसवला : सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, सातच तास. पाणवनस्पतींच्या अशा साध्या टाकीला सहा ते आठ तास प्रकाश पुरतो.

आधी झालेले हिरवे पाणी मात्र पडद्याने लगेच जाणार नव्हते. त्यासाठी आम्ही अंधाराचा उपाय केला. शनिवार २५ जानेवारी ते मंगळवार २८ जानेवारी असे चार दिवस टाकी काळ्या कापडाच्या दोन थरांनी पूर्ण झाकली. दिवा बंद, खाणे बंद, हवेचा पंप मात्र अहोरात्र चालू. अंधारात झाडे प्राणवायू तयार करत नाहीत आणि मरणारे शेवाळ तो खर्च करते, म्हणून पंप फार महत्त्वाचा. रुजलेल्या झाडांकडे साठवलेले अन्न असते, ती चार दिवस तग धरतात. एकपेशीय शैवालाकडे एवढी शिदोरी नसते. प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर आमची मंडळी पंप चालू आहे ना, हे ऐकायला टाकीला कान लावून गेली. कापड उचलून पाहायचे नाही, ही अट सर्वांनी पाळली. सर्वांत अवघड ती लहान वर्गांना गेली असावी.

मंगळवारी संध्याकाळी कापड काढले. पाणी ताकाच्या निवळीसारखे, फिके, थोडे गढूळ होते. मासे सगळे होते. लगेच निम्मे पाणी बदलले, दोन दिवसांनी पुन्हा पाव हिस्सा. पहिल्या फेब्रुवारीला मागच्या काचेवर लावलेल्या काळ्या कागदाचा पोत पुढून दिसू लागला. घरी त्या आजींना कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, "निवळलं म्हणायचं!" हा शब्द आमच्या नोंदवहीत त्या दिवसापासून कायमचा आला. 'पाणी साफ हो गया' यापेक्षा 'पाणी निवळले' यात जास्त काही आहे. आपण साफ करत नाही. आपण ढवळणे थांबवतो, आणि ते आपले आपण निवळते.

असो. स्नेहसंमेलन पार पडले, टाकी राहिली. पण धागे आणि ठिपके अजून होतेच, आणि खरे काम पुढेच होते. शेवाळ आटोक्यात राहते ते रोजच्या लहान लहान सवयींनी. आम्ही पाळतो त्या इथे देत आहोत.

खाणे दिवसातून एकदाच, चिमूटभर. दोन मिनिटांत संपेल एवढेच. उरलेले खाणे तळाशी कुजते आणि शेवाळाला खत मिळते. आठवड्यातून एक दिवस माशांना उपास. मुले त्याला 'माशांची चतुर्थी' म्हणतात. माशांचे त्याने काही बिघडत नाही. खाण्याचा डबा कुलपात असतो आणि पाळी फळ्यावर लिहिलेली असते, कारण माशांवर प्रेम सगळ्याच वर्गांचे आहे आणि अति तेथे माती.

दर शनिवारी ४० लिटर पाणी, म्हणजे दोन मोठ्या बादल्या, बदलतो. पाणी काढायला वक्रनलिका : नळी आधी पाण्याने भरून घ्यायची, तोंडाने ओढायचे नाही. नवे पाणी नळाचे, म्हणजे नर्मदेचे. १९७८ पासून इंदूरला तेच येते. त्यात जंतुनाशक क्लोरीन असते, म्हणून बादल्या आदल्या दिवशी भरून उघड्या ठेवतो. काही पालकांनी विचारले की केवळ आटलेले पाणी भरले तर चालणार नाही का? नाही. आटते ते निव्वळ पाणी. क्षार आणि नायट्रेट टाकीतच राहतात आणि दर आठवड्याला दाट होत जातात. काढलेले पाणी आम्ही वाया घालवत नाही. ते शाळेच्या तुळशीला, मोगऱ्याला आणि कढीलिंबाला जाते. त्यातले नायट्रेट टाकीत शेवाळ वाढवते, कुंडीत पाने वाढवते. उन्हाळ्यात इंदुरात पाण्याची ओढ असते हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या बादल्या झाडांना एरवीही घालाव्या लागल्या असत्या, त्याच टाकीतून फिरून जातात.

गाळणीचा स्पंज धुतो तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतला तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि टाकी पुन्हा नवी होते. काचेवरचे ठिपके जुन्या, रद्द झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडतो. खडा मध्ये अडकला तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो, म्हणून खडीच्या वर दोन बोटे थांबायचे. धागे दात घासायच्या जुन्या ब्रशावर शेवयांसारखे गुंडाळून काढतो. मागची काच मात्र मुद्दाम घासत नाही. ते मॉली माशांचे आणि गोगलगायींचे कुरण आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाडे. झपाट्याने वाढणारी झाडे भरपूर हवीत. आम्ही हायड्रिला वाढवले. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवतात तेच. शिवाय व्हॅलिस्नेरिया आणि पाण्यात रुजणारी ब्राह्मी. टाकीच्या काठावर मनीप्लांटच्या फांद्या अडकवल्या आहेत, त्यांची मुळे पाण्यात आणि पाने हवेत. पानांना कार्बन डायऑक्साइड हवेतून मुबलक मिळतो, म्हणून तो वेल पाण्यातले नायट्रेट भराभर उचलतो. दर शनिवारी दोन-तीन मुठी हायड्रिला कापून निघते. ती प्रत्येक मूठ म्हणजे शेवाळाच्या तोंडातून काढलेला घास. ही कापणी खताच्या खड्ड्यात जाते, नाल्यात किंवा तलावात नाही.

यावरून एक सूचना. दुकानात शेवाळ खाणारा म्हणून 'सकर' मासा देतात. लहान असताना तो काच चाटतो हे खरे, पण तो वाढून फूट-दीड फुटाचा होतो आणि लहान टाकीत मावत नाही. मग लोक तो जवळच्या तलावात सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा मासा आपल्या देशात अनेक जलाशयांत असाच पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या जागेवर आणि अन्नावर त्याने हक्क सांगितला आहे. आम्ही तो आणला नाही. घरी असेल तर कृपया तलावात सोडू नका.

तलावाचा विषय निघालाच आहे तर थोडे अधिक. १९७३ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान सरोवराच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. विमानातून काढलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले. झाडांनी भरलेल्या टाकीला हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण तिथे शिधा उचलायला झाडे असतात. पण उघड्या तलावाला पुरेपूर पडते. सांडपाणी आणि साबणाचे पाणी तलावात गेले की त्यातला फॉस्फरस शेवाळाला आणि जलपर्णीला मिळतो. आपल्या गावचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये, आमची टाकी काळ्या कापडाखाली होती त्याच सुमारास, इंदूरला रामसरचा 'पाणथळ शहर' हा मान मिळाल्याची बातमी आली. उदयपूर आणि इंदूर ही भारतातली अशी पहिली दोन शहरे. १३० लिटर पाण्याला चार महिन्यांचे ऊन काय करते, ते मुलांनी पाहिले आहे. तलावाला सांडपाणी काय करत असेल, ते त्यांना आता समजावून सांगावे लागत नाही. तलावावर मात्र काळे कापड घालता येत नाही.

आता पुन्हा विश्वस्तांच्या प्रश्नाकडे : शेवाळ पुन्हा येणार नाही याची खात्री काय? प्रामाणिक उत्तर असे की, तशी खात्री देता येत नाही. पाणी, प्रकाश आणि जीव आहेत तिथे शेवाळ येणारच. आम्ही देऊ शकतो ती नोंदवही. तीत दर शनिवारी तारीख, पाण्याचे तापमान, दिव्याचे तास, बदललेले पाणी, कापलेली झाडे आणि दिसलेले शेवाळ लिहिलेले असते. काही वाढले तर त्याआधी काय बदलले ते त्यात सापडते. ही वही मराठीत आहे, हे मुद्दाम सांगतो. आमच्या मुलांचा मराठीशी संबंध बहुतेक वेळा भाषेच्या तासापुरता आणि आजीशी बोलण्यापुरता असतो. विज्ञानाचे शब्द हिंदीतून येतात, परीक्षा हिंदीतून होतात. या वहीत मात्र त्यांना गाळ, तवंग, निवळणे, कुजणे, रुजणे, तग धरणे, कवडसा असे शब्द वापरावे लागले, अडले तेव्हा घरी विचारावे लागले. ज्या शब्दांना रोजचे काम असते ते शब्द टिकतात. पाहुण्यांपुढे म्हटलेल्या स्वागतगीताइतकीच ही वहीसुद्धा आमच्या मराठी शाळेची खूण आहे, असे आम्हाला वाटते.

आज, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, धागे जवळजवळ गेले आहेत. पुढच्या काचेवर आठवड्याला बोटावर मोजण्याइतके ठिपके येतात. ऊन खिडकीतून मागे हटले आहे, तरी पडदा तसाच ठेवला आहे. पुढची दिवाळी लांब नाही.

जवळची काळजी मे महिन्याची आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३२ अंशांना सुमारे ७.३. त्यात सुट्टी, आणि वीज गेली तर पंप बंद. म्हणून सुट्टीत दिव्याची वेळ सहा तासांवर आणणार आहोत, खाणे एक दिवसाआड देणार आहोत, आणि दर शनिवारी थोडे पाणी बदलणार आहोत. शिपाईकाका किल्ली द्यायला तयार आहेत, पण रोजचे काम एकट्यावर टाकणे बरे नाही. शाळेजवळ राहणाऱ्या सहा पालकांनी पाल्यासह आठवड्यातून एकेक दिवस अर्धा तास दिला तर मे महिना निभावेल. काम शिकवायला आम्ही आहोत. इच्छुकांनी विज्ञानकक्षाच्या दारावर लावलेल्या कागदावर आपले नाव आणि सोयीचा वार लिहावा. गुरुवार सोडून, त्या दिवशी माशांची चतुर्थी असते.